बेडकीचे कडक पाटे

आमच्या घरी एक मोटार होती आणि ती फक्त दोन माणसांची होती, ही गोष्ट आईला शेवटपर्यंत पटली नाही. घरात आम्ही सात जण. मोटार घ्यायची तर सगळं घर मावेल अशी घ्यावी, नाहीतर टांगा काय वाईट, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणायचे, मी कुठे घेतली, ती आली. आणि ते खरंच होतं. कापसाच्या एका प्रेसचा इंग्रज मॅनेजर मायदेशी परतताना ती आपल्या वकिलाच्या, म्हणजे बाबांच्या हवाली करून गेला होता. हिरवी, बुटकी, उघड्या टपाची. कापडी छत होतं, ते उंदरांनी खाल्लं. समोरचे दोन दिवे डोळ्यांसारखे वर आलेले, त्यामुळे सगळं येवतमाळ तिला बेडकी म्हणायचं. बाबा काळा कोट घालून, मांडीवर सुपारीचा चांदीचा डबा ठेवून, तिच्यातून नेर, बाभुळगाव, राळेगावच्या कोर्टांत जायचे, आणि पोचेपर्यंत कोट मातीच्या रंगाचा झालेला असायचा.

मी सांगतो आहे ते महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती तेव्हाचं. बाबांची नजर कमी झाली होती. एकदा दारव्हा रस्त्यावर समोरून येणाऱ्या म्हशीला त्यांनी लांबून हॉर्न दिला, जवळ आल्यावर गाडी थांबवली आणि टोपी काढून नमस्कार केला. त्यांना ते कोर्टातले मुन्सफ वाटले. म्हशीने मान हलवली, त्यामुळे गैरसमज आणखी थोडा वेळ टिकला. घरी येऊन त्यांनी स्वतःच हे सांगितलं, आम्ही हसलो, तेही हसले, आणि जेवण झाल्यावर म्हणाले, आता गुढीपाडव्याला गाडी अमरावतीला पाठवून देऊ. जावयांना.

आमचे जावई फार सज्जन. पेन्सिलीला टोक करतानासुद्धा खाली कागद पसरणारे. त्यांनी गाडी पुसून-पुसून ठेवली असती आणि चालवली नसती. आणि इथे मी, तेवीस वर्षांचा, वकिलीची परीक्षा तिसऱ्या झटक्यात पास झालेला, बाबांच्याच ऑफिसात नकलांचे अर्ज लिहीत बसलेला. या जगात मला हवी अशी एकच वस्तू होती आणि ती आमच्या ओट्याखाली उभी होती. मी धीर करून म्हटलं, मलाही चालवता येते. बाबा सुपारी कातरत होते.

"तुला गाडी चालवता येते हे मला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं पाहिजे, चिरंजीव. तू सांगून चालायचं नाही. आरोपीची स्वतःची साक्ष फारशी कामाची नसते."

एवढंच. पण मला ते वाक्य निकालासारखं वाटलं आणि मी साक्षीदार शोधायला लागलो.

साक्षीदार दर मंगळवारी आमच्या ऑफिसात येऊन बसायचा, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. बाभुळगावच्या पलीकडे बेंबळेच्या काठावर बंजाऱ्यांचा एक तांडा होता, त्याचे प्रमुख, नाईक, हे बाबांचे जुने पक्षकार. पन्नाशी उलटलेली, अंगाने कापसाच्या पऱ्हाटीसारखे वाळलेले, कानात बाळ्या. त्यांच्या आजोबांच्या काळी सगळा तांडा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडायचा. लदेणी म्हणत त्याला. मग रेल्वे आली, लदेणी संपली, त्यांनी वावरं घेतली, पण बैल मात्र रक्तात राहिले. माघ महिन्यात त्या भागात शंकरपट भरायचा. हलकी छकडी, तिला बैलांची जोडी, आणि सरळ रेषेत एक धाव. नाईकांची जोडी त्या पटावर पाच-सहा वर्षं कोणाला हरली नव्हती, आणि छकडीवर धुरकरी म्हणून ते स्वतःच उभे राहायचे.

बाबांचा त्यांच्यावर फार विश्वास. नाईकांनी एखादी गोष्ट पाहिली म्हटलं की ती घडलीच, असं ते म्हणायचे. वकिलाने पक्षकाराबद्दल असं म्हणणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

एका मंगळवारी नाईक बाकावर बसले होते, बाबा काहीतरी लिहीत होते, आणि मी उगाच बेडकीचं कौतुक चालवलं होतं. बोलता बोलता म्हटलं, नाईक, आमच्या गाडीत वीस घोड्यांची ताकद आहे.

"घोडे वीस असतीन," नाईक म्हणाले. "माहे बैल दोनच हायेत. घेऊन ये पटावर."

मी येतो म्हटलं. इथे थांबलो असतो तर गोष्ट साधी राहिली असती. पण मला थांबणं कधी जमलं नाही. वर म्हणालो, हरलो तर तुमचीच जोडी बेडकीला जुंपीन आणि तिच्यात बसून भर येवतमाळातून घरी येईन. बाबांच्या टाकाचं खरडणं क्षणभर थांबलं. त्यांनी मान वर केली नाही. मग पुन्हा खरडायला लागले. नाईक म्हणाले, बरं हाये.

माझा हिशेब असा होता. जिंकलो की नाईक पुढच्या मंगळवारी येऊन बाबांसमोर बसणार आणि म्हणणार, तुमच्या पोराला गाडी येते. यापेक्षा भारी साक्ष कोणती? आणि बैलांशी हरायचं म्हणजे काय, हे माझ्या कल्पनेत बसत नव्हतं.

ते बसायला एक रविवार लागला. पट भरायला महिना असताना मी गुपचूप बेडकी घेऊन तिथे गेलो. पट म्हणजे गावाबाहेरची पडीत जमीन, दोन चाकोऱ्या लांबवर गेलेल्या, एका बाजूला तुरीचं वावर. काळी माती वरून गुळगुळीत दिसत होती, पण तिला भेगा होत्या. मी गाडी सोडली. पहिल्या भेगेला बेडकी पुढून उठली, दुसऱ्या भेगेला मागून उठली, आणि तिसरी येईपर्यंत तिचं कुठलं चाक जमिनीवर आहे हे मला सांगता आलं नसतं. ती डावीकडे झुकली की मी डावीकडे, ती उजवीकडे की मी उजवीकडे. शेवटी हनुवटी स्टिअरिंगवर आपटून जीभ चावली गेली, तेव्हा मी थांबलो. मागची चाकं टुणटुण उडत होती म्हणून जोर जमिनीला लागत नव्हता, एवढं मला समजलं. बेडकी हे नाव किती बरोबर आहे तेही.

मग मी अभ्यास केला. ही माझी जुनी खोड. जिथे नुसता विचार पुरेल तिथे मी अभ्यास करतो. साहेब लोक गेले तरी क्लबाच्या वाचनालयात त्यांची मासिकं उरली होती. एकात शर्यतीच्या मोटारींवर लेख होता. त्यातून मी दोन गोष्टी घेतल्या. शर्यतीची मोटार जमिनीलगत पाहिजे, आणि तिचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कडक पाहिजेत. म्हणजे ती झुकत नाही, उडत नाही, चाक रस्ता सोडत नाही. त्या शर्यती डांबराच्या रस्त्यावर होतात ही गोष्ट लेखाच्या पहिल्याच ओळीत होती. मी दुसऱ्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली होती.

धामणगाव रस्त्याला एक लोहार होते. बैलगाडीचे आस, चाकांच्या लोखंडी धावा, वखराच्या पाशी (माती कापणारी पाती) हे त्यांचं काम; शिवाय मालमोटारींचे तुटलेले पाटे ते दुरुस्त करायचे. मी त्यांना मिस्त्री म्हणायचो. बोलणं कमी. वस्तू समोर आली की आधी तिच्यावर हात ठेवायचे. त्यांनी बेडकीच्या मडगार्डवर तळवा ठेवला, दाबला, सोडला. गाडी खाली गेली, वर आली, थांबली.

"बसते, उठते, चूप होते," ते म्हणाले. "हिले तं काईच झालं नाई, भाऊ."

मी त्यांना लेख समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. मग आम्ही कामाला लागलो. म्हणजे ते काम करायचे आणि मी सांगायचो.

पहिलं काम सोपं होतं. पाट्यांची उडी आवरायला प्रत्येक चाकाजवळ दांड्यांची एक जोडी असायची. दांड्यांच्या सांध्यात लाकडाच्या चकत्या; मधला बोल्ट आवळला की सांधा जड व्हायचा. मिस्त्रींनी एक फेरा आवळला. मी म्हटलं अजून. त्यांनी अजून एक दिला. ते गेल्यावर मी स्वतः पाना घेऊन आणखी तीन दिले. दुसरं काम गाडी खाली घेण्याचं. पाट्यांची कमान असते, ती मिस्त्रींनी ठोकून जवळजवळ सपाट केली, आणि बेडकी चार बोटं खाली बसली. दिसायला फार देखणी दिसायला लागली. मी तिच्याकडे समोरून, बाजूने, खाली बसून असं किती वेळ पाहत होतो कोणास ठाऊक. आईने विचारलं, चाकात हवा नाही का?

याच सुमारास बाबांची नेरला तारीख निघाली आणि त्यांनी मला गाडी चालवायला सांगितलं. नजरेमुळे या खेपेला ते नाइलाजाने शेजारी बसले. पक्का रस्ता संपेपर्यंत ठीक होतं. पुढे कापसाच्या गाड्यांनी पाडलेली चाकोरी लागली. अशा रस्त्यात दोन बाजूंना खोल चाकोऱ्या आणि मध्ये मातीचा उंच वरंबा असतो. बैलगाडीला त्याचं काही नाही, तिचा आस गुडघ्याच्या वर. चार बोटं खाली आलेली बेडकी मात्र पोटावर त्या वरंब्यावर चढली आणि तिथेच राहिली. चारही चाकं हवेत. मी ॲक्सिलरेटर दाबला, चाकं छान फिरली.

मागून नेरच्या बाजाराला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या थांबल्या. गाडीवान उतरले. वकीलसाहेब उतरता का, असं एकाने अदबीने विचारलं. बाबा म्हणाले, मी ब्रीफ वाचतो आहे. मग गाडीवानांनी बाबांसकट बेडकी उचलून बाजूला ठेवली. त्यातला एक जण मला म्हणाला, भाऊ, पुढच्या बारीनं दोन बल्ल्या संगं ठेवा, पालखीसारखी नेऊ.

त्या प्रवासात बाबांचा सुपारीचा डबा तीन वेळा मांडीवरून उडाला. तिसऱ्यांदा तो रस्त्यावर पडला, मी मागे जाऊन आणला. त्यांनी तो उघडून पाहिला, बंद केला, कोटाच्या खिशात ठेवला. कंबर धरून नेरच्या कोर्टाच्या पायऱ्या चढताना एवढंच म्हणाले, गाडीला काही झालं आहे की तुला? मी म्हटलं, गाडीत थोडी सुधारणा केली आहे. ते म्हणाले, असं.

माणसाने इथे शहाणं व्हावं. मी मिस्त्रींकडे तिसऱ्या कामासाठी गेलो.

भंगारात एका जीपचे पाटे पडले होते. ते कापून, घडवून बेडकीच्या मागच्या पाट्यांना जोड द्यायचा, आणि मुख्य पाटाही नवा त्यातूनच करायचा, असं माझं ठरलं. मिस्त्रींनी पाटे घडवले. मग प्रश्न आला तो कडकपणाचा. लोखंड लाल करून एकदम थंड केलं की ते कडक होतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. लोहाराकडे कुऱ्हाडीला पाणी पाजताना कोण उभं राहिलेलं नसतं? तो चर्र आवाज, ती वाफ. मिस्त्री मात्र एका डब्यात तेल ओतत होते. मी विचारलं, हे कशाला? पाणी काय झालं?

त्यांनी सांगितलं ते मी अजून विसरलो नाही, कारण आयुष्यात मला कोणी इतकं सोपं करून काही सांगितलेलं नाही आणि मी इतक्या सहज ते टाळलेलं नाही.

"कुऱ्हाड एकडाव मार खाते अन् मोकळी होते, भाऊ. पाटा दिवसभर वाकते. ज्याले वाकायचं हाये, त्याले तेल. तेलातून काढला का वरून पुन्हा शेकायचा, हळूहळू. दोन दिवस लागतीन."

मी विचारलं, पाण्याने जास्त कडक होतो की नाही? ते म्हणाले, होतो. मग पाणीच पाजा, मी म्हटलं. त्यांनी तीनदा नाही म्हटलं. पहिल्यांदा तोंडाने, दुसऱ्यांदा मानेने, तिसऱ्यांदा भात्याची दोरी सोडून बिडी पेटवून. मी लेखातली इंग्रजी ओळ त्यांना म्हणून दाखवली. अखेर ते उठले. काम तुमचं हाये, म्हणाले. आणि पाटा पाण्यात घातल्यावर, वाफ विरायच्या आत, खालच्या आवाजात: "हे म्या केलं असं कोनाले सांगजा नोका."

आता एक कबुली. पाटे बसवले त्या संध्याकाळी मी बेडकी कलेक्टरच्या बंगल्यासमोरच्या गोल रस्त्यावर नेली. तो रस्ता चांगला होता, कलेक्टरच्या समोरचा म्हणून. मी दोन फेऱ्या मारल्या, मग वेग वाढवला, मग अजून. ती तसूभर झुकली नाही. वळणावर टेबलासारखी सपाट राहायची आणि स्टिअरिंगला बोट लावलं की नाक तिकडे जायचं. कडुनिंबाची पानं रस्त्यावर पडली होती, ती मागे उडत होती. लेख लिहिणारा माणूस खोटारडा नव्हता. दहा-बारा मिनिटं मला अगदी शांत आणि सुखी वाटलं. नंतर जे झालं त्याने ती दहा मिनिटं खोटी ठरत नाहीत, असं मी अजून धरून आहे.

पटाच्या दिवशी सकाळपासून माणसं जमली. बैलांच्या अंगाला हळद, शिंगांना रंग. मोटार आणि बैल अशी गंमत पाहायला नेर-राळेगावकडूनही लोक आले होते. नाईक त्यांच्या जोडीजवळ उभे होते. एक पांढरा, एक कबरा, दोघंही न हलता उभे, पण कातडी सारखी थरथरत होती. नाईक माझ्याकडे आले. मिस्त्रींसारखाच मडगार्डवर हात ठेवून दाबला. काही झालं नाही. दोन्ही हातांनी दाबला. मग पायातली वहाण काढून, चढून, मडगार्डवर सरळ उभे राहिले. बेडकी ढिम्म.

"बापा," ते म्हणाले, "हे मोटार हाये का ओटा?"

माणसं हसली. मी म्हटलं, बघाच तुम्ही. ते खाली उतरले, वहाण घातली, आणि मला म्हणाले, छकडीच्या आसाचा आळा, म्हंजे दोर, आम्ही ढिल्ला बांधतो, लेका. चाकाले भुई समजली पाह्यजे. मला तेव्हा ते धुरकऱ्यांचं काहीतरी वेड वाटलं.

मी डावीकडच्या चाकोरीत, तुरीच्या बाजूला. ते उजवीकडे. झेंडी पडली.

बैल उभ्या जागेवरून धावतात. मोटार उभ्या जागेवरून विचार करते. मी पहिला गिअर सोडून दुसरा टाकेपर्यंत नाईक पंधरा-वीस हात पुढे गेले होते, छकडीवर वाकलेले, तोंडातून एक लांब हुर्रर्र काढत. हातात चाबूक नव्हता. पण दुसऱ्या गिअरमध्ये बेडकीने जोर धरला. ती झुकत नव्हती, डोलत नव्हती. प्रत्येक भेग मात्र थेट माझ्या दातांपर्यंत येत होती. अर्ध्या पटावर मी छकडीच्या चाकाला भिडलो. कबऱ्या बैलाचा कान मला दिसला. आणखी थोडं, असं मी मोठ्याने म्हणालो असेन, कारण माझं तोंड उघडं होतं.

तेवढ्यात एक मोठी भेग आली, आणि मागून आवाज झाला. टण्. घंटेवर एकदाच ठोका द्यावा तसा, स्वच्छ. उजव्या बाजूचा मागचा मुख्य पाटा काचेसारखा सरळ दुभंगला होता, पण ते मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की उजवं चाक मागे सरकलं आणि गाडीने आपला मार्ग स्वतः निवडला. ती डावीकडे वळली. माझे हात स्टिअरिंगवर होते, इतपत खरं. त्यांनी काही केलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

बेडकी बांध ओलांडून तुरीत शिरली. तूर कापणीला आलेली, शेंगा वाळलेल्या. खडखड, खडखड आणि मग शांत. मी बसलो होतो तिथे मांडीपर्यंत शेंगा साचल्या होत्या. दूर पटाच्या टोकाला लोक ओरडत होते, म्हणजे नाईक जिंकले होते.

थोड्या वेळाने ते चालत आले. आधी बैल पाहून आले असणार, कारण हाताला घाम आणि हळद होती. त्यांनी बांधावर उभं राहून चाकांच्या खुणा पाहिल्या. त्या उजवीकडे, जोडीच्या अंगावर गेल्या नव्हत्या. सरळ डावीकडे, मोकळ्या तुरीत गेल्या होत्या. त्यांनी त्या खुणा दोनदा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा मऊ झाला होता की मला कळेना.

"माह्या बैलाईकडं नाई वळवली तू," ते म्हणाले. "सोताच्या गाडीचं भजं केलं, पन तिकडं नाई आनली. म्या पाह्यलं."

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगायलाच उघडलं होतं. पण तोंडात तुरीचा पाला होता, म्हणून मी गप्प राहिलो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

पैज मी विसरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, जुंपा जोडी. नाईकांना ते ऐकूनच धक्का बसला. पटाच्या बैलाच्या खांद्यावर ओझं टाकायचं, तेही लोखंडाचं? ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, पटाची जोडी तुह्या मोटारीले जुंपू काय, लेका? वखराचे हायेत दोन, ते आनतो. म्हणजे ज्यांनी मला हरवलं त्यांच्याकडून ओढून घेण्याचा मानही मला मिळाला नाही. दोन म्हातारे, शांत, रवंथ करणारे बैल आले. आसाखाली बाभळीचा ठोकळा ठोकून दोराने बांधला. नाईक स्वतः बेडकीच्या नाकावर कासरे धरून बसले, मी आत स्टिअरिंग धरून. सकाळी निघालो ते कोर्ट सुटायच्या वेळेला येवतमाळात शिरलो, कारण त्या बैलांनी आयुष्यात कशाचीच घाई केली नव्हती. सगळा वकीलवर्ग रस्त्यावर होता. मुन्सफही होते. खरे मुन्सफ. त्यांनी टोपी काढून बैलांना नमस्कार केला. बाबांची म्हशीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

बाबा ओट्यावर आरामखुर्चीत होते. नाईक उतरले, ओट्याच्या पायरीवर बसले, पाणी प्याले, आणि मग काही विचारायच्या आत त्यांनी साक्ष दिली. पाटा तुटला, गाडी भिरभिरली, माहे बैल हातभर अंतरावर होते, अन् पोरानं गाडी तुरीत घातली. त्याले गाडी येते, वकील सायब. मले कोनी सांगतलं नाई, म्या पाह्यलं.

दुसऱ्या कोणीतरी सांगितलं पाहिजे, असं बाबाच म्हणाले होते. दुसरं कोणीतरी सांगत होतं, आणि तेही ज्याच्या शब्दावर बाबा डोळे मिटून सही करतील असं. मी ओट्याच्या खांबाला टेकून उभा होतो. पाडव्याला महिना-दीड महिना उरला होता.

बाबांनी चष्मा पुसला. माझ्याकडे वळले. आवाज कोर्टातला.

"स्टिअरिंग तू फिरवलंस?"

"गाडी वळली," मी म्हटलं.

"मी गाडीचं विचारलं नाही."

नाईक एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे पाहत होते. बाबांनी मला तसंच बराच वेळ उभं ठेवलं. नंतर मी अनेक साक्षीदार असे उभे पाहिले आणि प्रत्येक वेळी माझे पाय दुखले. मग त्यांनी डबा उघडला, नाईकांना सुपारी दिली, स्वतः घेतली. साक्षीदाराच्या देखत त्यांनी मला खोटं पाडलं नाही. आणि खरंही म्हटलं नाही.

"गाडी किती तुटली आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पाटा दोन तुकडे, आस वाकडा, एक दिवा तुरीत राहिला.

"मग झालं तर," बाबा म्हणाले. "जावयाला मोडकी वस्तू देत नाहीत. दुरुस्त करूनही देत नाहीत, सासरी बोलणी ऐकायला लागतात. राहू दे इथेच. कोणाला तरी चालवावी लागेल."

आईने आतून विचारलं, मग आता अमरावतीला काय पाठवायचं? बाबा म्हणाले, धोतरजोडा.

अशी मला गाडी मिळाली. नीट चालवली असती तर ती अमरावतीला गेली असती.

पुढच्या सोमवारी मी तुकडे घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तुटलेली कड अंगठ्याने तपासली आणि न विचारता तेलाचा डबा काढला. दोन दिवस म्हणाले होते, तीन लावले. कमान पूर्वीसारखी केली, चकत्यांचे बोल्ट सैल केले. शेवटी मडगार्डवर हात ठेवून दाबला. बेडकी बसली, उठली, चूप झाली. पुढे किती तरी वर्षं मी बाबांना तिच्यातून नेरला न्यायचो. डबा मांडीवर राहायचा. वरंबा आला की मीच आधी वेग कमी करायचो, आणि बाबा डोळे मिटलेले असतानाही म्हणायचे, नेर जवळ आलं वाटतं.

तुटलेला पाटा मिस्त्रींनी फेकला नाही. त्याच्या मोठ्या तुकड्याची त्यांनी वखराची पास घडवली, आणि या खेपेला मीच विचारलं, याला तेल की पाणी? याला पाणीच, ते म्हणाले; माती कापायची आहे. ती पास मी नाईकांना नेऊन दिली. ते दोन म्हातारे बैल तिला ओढत असताना मी बांधावर उभा होतो. काळी माती तिच्या धारेपुढे सहज उलटत होती, आणि नाईक वखरावर वाकून, मान न वळवता मला म्हणाले,

"आता कशी नीट चालून राह्यली. तिच्यात कोनी बसलं नाई, म्हून."